उबदार खोलीतला गुणाकार

हेलसिंकी, १८ नोव्हेंबर १९९१

सिर्क्का,

सोबतच्या दोन फ्लॉप्या जपून काढ. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घातल्या आहेत, आणि पुठ्ठा पिझ्झाच्या खोक्याचा आहे, तेव्हा वास आला तर दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू तीन शब्द बोलतेस आणि ठेवतेस. कागदावर निदान पाच-सहा तरी लिहिशील.

काकांना, तुझ्या बाबांना, झटका आला आणि तू तिसऱ्या वर्षाच्या मधेच सामान बांधून गावी गेलीस, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा आपण काय रडगाणं गायचो ते आठवतं का? युनिक्स विद्यापीठाच्या मोठ्या मशीनवर, त्या मशीनपुढच्या खुर्चीसाठी रांग, आणि घरी न्यायचं म्हटलं तर आपल्या सात पिढ्यांना परवडणार नाही. तर ऐक. आपल्याच विद्यापीठातल्या एका पोराने घरच्या ३८६ संगणकावर चालेल असा युनिक्ससारखा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून नेटवर्कवर ठेवून दिला आहे. फुकट. नुसता चालवायला नाही, आत डोकवायला, मोडायला आणि सुधारायलासुद्धा. अमेरिकेतल्या काही मंडळींनी बाकीची अवजारं केव्हाच करून ठेवली होती, अडलं होतं ते गाभ्यापाशी. अजून तो रांगतोय, धडपडतोय, पण कुठकुठल्या देशांतून लोक दुरुस्त्या पाठवताहेत. मी तर जेवायचं विसरतो.

२८६ वर तो चालत नाही. ३८६ हा घरात आलेला पहिला असा प्रोसेसर, जो प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची खोली देतो आणि आतून कडी लावू देतो. एकाने आपल्या खोलीत गोंधळ घातला तरी शेजारचा शांत झोपतो. तुझ्याकडे ३८६ आहे, काजानीच्या त्या बंद पडलेल्या लाकूड-कचेरीतून तू उचललेलं. ते विकलं नाहीस ना?

मुद्द्याचं म्हणजे, डिस्कवर लिहिण्या-वाचण्याचा भाग लंगडा आहे. तो लिहायला घेतला आणि पहिली आठवण तुझी झाली. बघतेस का?

तुझा,
ओस्मो

(आम्हा सावो प्रांतातल्यांचं बोलणं कळलं नाही तर दोष ऐकणाऱ्याचा, हे लक्षात असू दे.)


रिस्तियार्वी, २७ नोव्हेंबर

ओस्मो,

फ्लॉप्या पोचल्या. वास आला. बाबांनी विचारलं, यात खायचं काय आहे.

मशीन विकलेलं नाही. ओसरीलगतच्या खोलीत आहे. तिथे शेगडी नाही, बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा असतो. हातमोज्यांची बोटं कापून टाइप करते, हे पत्रही तिथेच लिहिते, म्हणून अक्षर असं कापरं झालंय. घरात उबदार खोली एकच, बाबांची, आणि मशीनची घरघर त्यांना झोपू द्यायची नाही. तुझा प्रोसेसर प्रोग्रॅमना खोल्या वाटतो याचं कौतुक आहे. आमच्याकडे माणसांना पुरत नाहीत.

बाबांचा उजवा हात अजून येत नाही, पण बोलणं अगदी स्पष्ट. जन्मभर नदीतून ओंडके वाहून नेले, त्यामुळे आवाज अजून पलीकडच्या काठापर्यंत जाईल असा. त्यांना तुझ्या गाभ्याबद्दल सांगितलं.

"पगार कोण देतं?"

"कोणी नाही, बाबा."

"म्हणजे ताल्कोत म्हण की. गाव जमतं, छप्पर चढतं, मजुरी कोणी मागत नाही. कोठार कुणाचं?"

"कुणा एकाचं नाही. सगळ्यांचं."

"बरं. मग कॉफी कोण पाजतं?"

"कॉफी नाही. लोक निरनिराळ्या देशांत आहेत."

"कॉफीशिवाय ताल्कोत? मग छप्पर गळणार, लिहून ठेव."

डिस्कचा भाग मी करते. एक आताच सांगून टाकते, म्हणजे नंतर बोलायला नको. मी परत विद्यापीठात येईन असं सगळे म्हणतात, मला तसं दिसत नाही. हे काम म्हणजे माझ्याकडे उरलेलं एकच दार आहे. उघडलं तर उघडलं. नाही तर मशीन विकून दुकानात कामाला लागेन आणि त्याचं दुःख करत बसणार नाही. पण बिचारी गावात अडकली आहे म्हणून कोणी दयेने माझं लिखाण घ्यायला नको. चुकीचं असेल तर बाहेर.

सिर्क्का


हेलसिंकी, १६ डिसेंबर

सिर्क्का,

चढवलं. स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, अख्ख्या शहराच्या खिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लागलेल्या असताना, मी तू पाठवलेला भाग नेटवर्कवर ठेवला. मग तासभर गच्च डोळे मिटून बसलो.

डेल्फ्टहून योस्ट फेरबेक नावाच्या माणसाचं लगेच उत्तर आलं. तो स्वतः डिस्कचा भाग लिहीत होता, अर्धा झालाही होता. म्हणतो, हिचं माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. ऑस्ट्रेलियातल्या एकाने विचारलंय की हे गृहस्थ एवढं नीट लिहायला कुठे शिकले. गृहस्थ नाहीत, बाई आहेत, असं मी कळवलं. त्यावर तो तीन दिवस गप्प आहे.

आता रीत अशी, की काही आठवडे सगळ्यांनी आपापल्या मशीनवर चालवून बघायचं, आणि कुणाच्याही फायली बिघडल्या नाहीत तर गाभ्याच्या पुढच्या आवृत्तीत घ्यायचं. डिस्कच्या भागाबद्दल लोक फार काटेकोर असतात. पडद्यावर चूक झाली तर माणूस शिव्या देतो, डिस्कवर झाली तर त्याचं वर्षभराचं लिखाण जातं.

काकांना सांग, छप्पर चढतंय आणि अजून गळत नाही. त्यांच्यासाठी चघळायच्या खारट काळ्या गोळ्या पाठवल्या आहेत. सगळ्या तू संपवू नकोस.

ओस्मो


रिस्तियार्वी, ९ फेब्रुवारी १९९२

ओस्मो,

उत्तराला उशीर झाला. बर्फ फार पडलं.

माझा भाग मागे घे. त्यात चूक आहे. फाइल लिहिते आणि परत वाचते, तर मधलाच एखादा तुकडा दुसऱ्याच कुठल्या फायलीचा निघतो. लिहिताना जागा चुकते आहे. डिसेंबरात असं एकदाही झालं नव्हतं, पण तेव्हा मी पुरेसं तपासलं नसणार.

लोकांना सांग, माझा भाग वापरू नका.

बाबा आहेत तसेच.

सिर्क्का


हेलसिंकी, १७ फेब्रुवारी

सिर्क्का,

काय मागे घे? तुझा भाग इथे, डेल्फ्टला, मेलबर्नला, जिथे म्हणून चालतोय तिथे सरळ चालतोय. तक्रार एकाच ठिकाणाहून आली आहे, आणि ती लिहिणाऱ्याचीच आहे. मी दोन दिवस ओळ न् ओळ वाचली. जागा काढायला तू एक गुणाकार करतेस, त्यात चुकायला काय आहे? शाळेतलं पोरही करील.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. अंगण सरळ आहे आणि माझेच पाय वाकडे, असं शपथेवर सांगणारी तू पहिलीच.

तुझी डिस्क म्हातारी झाली असेल. दुसरी लावून बघ. आणि काका "आहेत तसेच" म्हणजे कसे? माणूस आहे की हवामान?

ओस्मो


रिस्तियार्वी, २६ फेब्रुवारी

ओस्मो,

डिस्क बदलली. शाळेच्या मास्तरांनी त्यांची दिली. चूक आहे तशीच.

आता एक छोटा प्रोग्रॅम केला आहे, तो दिवसभर लिहितो, वाचतो, ताडून बघतो. फरक आढळला की मशीनची घंटी वाजवतो, म्हणजे मला पडद्यापुढे बसायला नको, इतर कामं करता येतात. त्यातून एवढं कळलं की सकाळी घंटी वाजत नाही. दुपारपासून वाजायला लागते, संध्याकाळी जास्त. असं का, ते मला सांगता येत नाही. माझ्या लिखाणात वेळेचा काही संबंध नाही.

मशीन आहे तिथेच आहे, हलवलेलं नाही.

तुम्हा सगळ्यांकडे चालतं म्हणून ते बरोबर, असं मी धरणार नाही. कारण सापडेपर्यंत ते गाभ्यात जाऊ देऊ नकोस.

सिर्क्का


हेलसिंकी, ६ मार्च

सिर्क्का,

दुपारनंतर चुकतं. म्हणजे आपल्या प्राध्यापकांसारखं, जेवण झालं की पेंग येते.

खरं सांगू? मला आता राग येतोय. तुझ्या हट्टापायी मी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि आता लोक मला विचारताहेत की कशासाठी. सांगायला माझ्याकडे काही नाही. तू दोन ओळींची पत्रं लिहितेस, विचारलेल्या निम्म्या गोष्टींना उत्तर देत नाहीस, तीनदा फोन केला तर तिन्ही वेळा "ठीक आहे" म्हणून ठेवलास. मला वाटतं, तुझं कामात लक्ष नाही. घाईघाईत काहीतरी चुकीचं जुळवलं असशील आणि खापर स्वतःच्या लिखाणावर फोडत असशील, कारण ते सोपं पडतं. मन उडालं असेल तर तसं सांग, मी समजून घेईन. पण लोकांना ताटकळत ठेवू नकोस.

योस्टने आपला भाग पुरा केला आहे. तुझ्याइतका चांगला नाही, पण चालतो. ईस्टरपर्यंत कारण सापडलं नाही तर त्याचा घ्यायचा असं ठरलंय. मी विरोध केला नाही. काय तोंडाने करणार?

ओस्मो


रिस्तियार्वी, १४ मार्च

ओस्मो,

योस्टचा घ्या. बरोबर आहे तुमचं.

लक्ष नाही हेही बरोबर आहे.

मशीन विकत घेणारा एक जण काजानीत मिळाला आहे. पुढच्या महिन्यात न्यायला येईल. फ्लॉप्या पाठवू नकोस. वडिलांनी गोळ्यांबद्दल तुला धन्यवाद सांगायला सांगितलं होतं, ते मागेच लिहायचं राहिलं.

सिर्क्का


हेलसिंकी, ३० मार्च

सिर्क्का,

मशीन विकू नकोस. हे पत्र वाचताना उभी असशील तर आधी बस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस स्वतःला शहाणा समजत होतो, आणि नंतर मला लाज वाटायला लागली. शेवटी मी तुझी सगळी पत्रं समोर मांडली आणि तुझी तक्रार माझ्या टीका-टिप्पणीशिवाय, तू लिहिलीस तशी, नेटवर्कवर टाकली. सकाळी बरोबर, दुपारी चूक, लिखाण सगळीकडे चालतं, हिच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि कोणाकडून, तर योस्टकडून. त्याचा भाग पुढे जाणार होता, त्याला गप्प बसता आलं असतं.

त्याने सांगितलं ते असं. ३८६ च्या अगदी सुरुवातीच्या काही प्रोसेसरना मोठे गुणाकार नीट येत नाहीत. छोटे येतात, बत्तीस बिटांचे अधूनमधून चुकतात. कारखान्याला उशिरा कळलं. मग एकेक चिप तपासली, चांगल्या निघाल्या त्यांच्यावर दोन ग्रीक सिग्मा छापले, आणि नापास झालेल्यांवर इंग्रजीत छापलं, फक्त सोळा बिटच्या कामासाठी. कचेऱ्यांतून तेव्हा सोळा बिटचीच कामं चालायची, त्यामुळे त्याही खपल्या आणि कोणाचं काही अडलं नाही. अडतं ते आता, आपल्यासारख्यांनी बत्तीस बिटांचा गाभा चालवायला घेतल्यावर. झाकण उघड आणि चिपवर काय छापलंय ते बघ. तसं निघालं तर तुझ्या लिखाणात चूक नव्हतीच. अंगणच वाकडं होतं, सिर्क्का, आणि मी तुझ्या पायांना नावं ठेवली.

आता पुढचं. योस्ट म्हणतो, अशी चिप थंड असली की बऱ्याचदा बरोबर चालते. तापली की चुकते. आणि तिथे माझी गाडी अडली. तुझं मशीन ओसरीलगतच्या खोलीत आहे, तिथे पाण्यावर पापुद्रा धरतो. तिथे चिप तापणार कशी? डिसेंबरात तापली नाही ती फेब्रुवारीच्या थंडीत कशी तापेल, आणि तीही रोज दुपारी, कोणी सकाळी शेगडी पेटवावी आणि दुपारी तिच्या विटा तापाव्यात तशी?

मग मी तुझी पत्रं पुन्हा काढली. नोव्हेंबरातलं अक्षर थंडीने कापतंय. फेब्रुवारीपासून ते सुबक आहे. हातमोज्यांचा उल्लेख नाही. काकांचं एक वाक्य नाही, आणि नोव्हेंबरात तू त्यांचं कॉफीचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं होतंस.

सिर्क्का, मशीन कुठे आहे? आणि काका कसे आहेत?

ओस्मो


रिस्तियार्वी, ६ एप्रिल

ओस्मो,

झाकण उघडलं. तू म्हणतोस तेच छापलंय. सिग्मा नाहीत.

मी बराच वेळ झाकण हातात धरून बसले. मग शेजारची आउने भाकरी घेऊन आली, तिला वाटलं मशीन बिघडलं म्हणून रडते आहे. मी म्हटलं, हो.

मशीन बाबांच्या खोलीत आहे. जानेवारीत त्यांना दुसरा झटका आला. बोलणं गेलं, डावा हात सोडून बाकी काही हलत नाही, घासाला आणि कुशीवर वळवायला माणूस लागतं. ओसरीलगतच्या खोलीतून मला त्यांच्या घोरण्यातला फरक ऐकू येत नव्हता. म्हणून टेबल उचलून आत आणलं, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी, शेगडीला टेकून. सकाळी लाकडं घालते, दुपारी विटा सगळ्यात तापलेल्या असतात. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी चूक माझ्यातच शोधत राहिले.

तुला खोटं लिहिलं, कारण मला ठाऊक होतं तू काय म्हणशील. राहू दे सिर्क्का, आधी वडिलांकडे बघ, हे काम दुसरं कोणी करील. तू प्रेमानेच म्हणाला असतास. आणि मग माझ्याकडे सूप ढवळण्याशिवाय काही उरलं नसतं. मी बाबांकडे बघतच होते, ओस्मो. दिवसभर तेच करत होते. फक्त त्यांच्या पायथ्याशी आणखी काहीतरी माझं चालू असावं, एवढंच मला हवं होतं.

आता गंमत सांगते. मशीन आत आणलं तर घरघरीने त्यांना झोप लागणार नाही असं मला वाटायचं. त्यांना ती आवडते. आणि माझा तपासणीचा प्रोग्रॅम चूक सापडली की घंटी वाजवतो ना, पहिल्यांदा वाजली तेव्हा मी कपाळाला हात लावला आणि पलंगावरून आवाज आला. वळून बघितलं तर बाबा हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण हसत होते. जानेवारीनंतर प्रथमच. आता घंटी वाजली की ते डावा हात वर करतात, ओंडक्यांची कोंडी दिसली की नदीवर करायचे तसा. मी वैतागून म्हणते, "झालं, परत चुकलं," आणि ते हसतात. लेक विद्यापीठात शिकली आणि तिचं यंत्र रोज दुपारी चुकतं, याची त्यांना मजा वाटते. आउनेलाही त्यांनी हात करून ऐकायला लावलं.

मशीन थंड खोलीत परत नेलं तर ते बरोबर चालेल. पण मी नेणार नाही. काजानीच्या माणसाला नको म्हणून कळवलं आहे. माझ्या भागाचं तुम्ही ठरवा ते ठरवा.

सिर्क्का


हेलसिंकी, १३ एप्रिल

सिर्क्का,

तुझं पत्र वाचून मी कुठेतरी चालत निघालो आणि बंदरापाशी पोचलो. मी मूर्ख आहे हे तुला सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवतो, पुढेमागे लागेल.

ठरलं. तुझा भाग गाभ्यात गेला. दयेने नाही, तुझी अट माझ्या लक्षात होती. योस्टने आपला स्वतःहून मागे घेतला आणि सगळ्यांना लिहिलं, की जी बाई जगभर चाललेलं आपलं लिखाण कारण सापडेपर्यंत घेऊ नका म्हणून अडून बसते, तिच्याच हातात माझी डिस्क द्यायला मी तयार आहे. त्याखाली लोकांनी एवढं लिहिलंय की छापून पाठवलं तर टपालवाला तक्रार करील. आता गाभा सुरू होतानाच एक गुणाकार करून बघतो, आणि चिप वाकडी असली तर मालकाला तसं सांगतो. पुन्हा कोणी तीन महिने स्वतःलाच दोष देत बसायला नको.

विभागातलं एक जुनं मशीन मोडीत निघालं, त्यातली दोन सिग्मांची चिप मी मागून घेतली. सोबत आहे, कापसात गुंडाळून. बसवली की शेगडी कितीही तापू दे, घंटी वाजायची नाही.

हे लिहिताना जरा अडखळलो खरा. पण पाठवतो. कधी बसवायची ते तू बघ.

मी येऊ का? तू नको म्हणशील, पण विचारून ठेवतो. काकांना सांग, छप्पर पुरं झालं, आणि कॉफी मी घेऊन येतो.

ओस्मो


रिस्तियार्वी, २९ एप्रिल

ओस्मो,

चिप पोचली. चांगली आहे. बसवलेली नाही. का, ते तुला माहीत आहे.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. योस्टचं वाक्य दोनदा. कॉफीपाशी त्यांनी हात वर केला.

तळ्यावरचं बर्फ अजून धरून आहे, पण काठाशी काळं पडलंय. आउनेचा नवरा आणि शाळेचे मास्तर येऊन गेले, मोठा पलंग बाहेर काढायला मदत केली. गाव जमलं होतं. कॉफी मी केली, सगळ्यांना पुरली. खिडकी उघडली आहे, आपल्याकडे उघडतात तशी, आणि मी ती अजून लावलेली नाही.

तपासणीचा प्रोग्रॅम मी बंद केला नव्हता. तो चालूच राहिला. चिप जुनीच, मशीन जिथे होतं तिथेच, काही हलवलेलं नाही. रविवारपासून एकही चूक नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळीही नाही.

घंटी वाजतच नाही, ओस्मो. मी ऐकत बसते.

सिर्क्का


हेलसिंकी, ५ मे

सिर्क्का,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी शेवटाकडून वाचलं, सवयीने, निकाल आधी. एकही चूक नाही. जिन्यावरून ओरडत खाली निघालो होतो की जुन्याच चिपवर, शेगडीपाशीच, सगळं बरोबर आलं. अर्ध्या जिन्यावर थांबलो. चिप तीच, जागा तीच. मग फरक फक्त शेगडीचा, रविवारपासून ती पेटलेलीच नाही.

तावेत्ती काका गेले. आणि तू ते मला तुला जमतं त्या भाषेत कळवलंस, आणि या खेपेला मला वाचता आलं. मी पायरीवरच बसून रडलो. मला ते दोनदाच भेटले होते, पण तुझ्या पत्रांतून इतके ओळखीचे झाले होते की माझ्या घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

अंत्यविधी कधी आहे ते लिहिलेलं नाहीस. मी विचारतही नाही. गुरुवारच्या गाडीने निघतो, काजानीहून बसने दुपारपर्यंत पोचेन. नको म्हणायला वेळ मिळू नये म्हणून हे पत्र आज टाकतोय, फोन करत नाही. राहायला ओसरीलगतची खोली चालेल, हातमोजे आणतो. कॉफी आणतो, कबूल केली होती.

माणूस गेल्यावर उघडलेली ती खिडकी लावायची तेव्हा लाव, मी आल्यावर लावलीस तरी चालेल. चिप मात्र अजून बदलू नकोस. दोघं मिळून आधी शेगडी पेटवू, आणि विटा तापून घंटी वाजेपर्यंत बसून राहू.

ओस्मो